समाजमंदिराचं छप्पर

लोणावळ्यात आणि आसपासच्या मावळात गेली बरीच वर्षं मी सिमेंटचे पत्रे उतरवते. लग्नकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर मी हेच सांगते. समोरचा माणूस हमखास म्हणतो, "म्हणजे पत्रे बसवता?" मग मी पुन्हा सांगते, बसवत नाही, उतरवते. यावर तो "अच्छा" म्हणतो आणि जेवणाच्या पंगतीकडे बघायला लागतो. शाहीन मुलाणी नावाच्या बाईने छपरावर चढावं याचंही काहींना कोडं पडतं. खरं तर हल्ली मी फारशी चढत नाही, गुडघे नको म्हणतात. खाली उभी राहून वर बघते. या धंद्यात निम्मं आयुष्य मान वर करण्यातच जातं.

हे पत्रे तुम्ही पाहिलेले आहेत. करडे, नागमोडी, जाडसर. आमच्याकडच्या पावसात लोखंडी पत्र्याला भोकं पडायला वेळ लागत नाही. हा पत्रा गंजत नाही, उन्हात फार तापत नाही आणि मिळायचाही स्वस्तात. त्यामुळे गोठा म्हणू नका, गोदाम म्हणू नका, शाळा, देवळाचा मंडप, सगळीकडे तो चढला. जुना झाला की त्यावर शेवाळ धरतं आणि धुक्यात डोंगराचा रंग कुठे संपतो आणि छपराचा कुठे सुरू होतो ते कळत नाही. लहानपणी मी अशाच छपराखाली झोपायचे. श्रावणात ढग सरळ घरात यायचे, दाराशी थबकायचे आणि मग पाहुण्यासारखे आत शिरायचे. वर बघितलं की नागमोडी रेघा दिसायच्या आणि आपण एखाद्या मोठ्या शिंपल्यात पडलोय असं वाटायचं.

त्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. ॲस्बेस्टॉस म्हणजे दगडच, पण पिंजला तर त्यातून कापसासारखे धागे निघतात. ते धागे जळत नाहीत, कुजत नाहीत. सिमेंटमध्ये मिसळले की पत्र्याला ताकद येते. पत्रा धड असेल तोवर धागा सिमेंटमध्ये गाढ झोपलेला असतो. पत्रा कापला, भोक पाडलं, आपटून फोडला, घासला, की तो उठतो आणि हवेत तरंगतो. डोळ्याला दिसत नाही, नाकाला वास येत नाही. श्वासाबरोबर छातीत गेला की तिथून निघत नाही, आणि त्याने केलेलं नुकसान वर्षानुवर्षं कळतही नाही. माणूस काम सोडतो, मुलांची लग्नं करतो, नातवंडं बघतो, आणि मग एक दिवस जिना चढताना दम लागायला लागतो.

मी हे पुस्तकात वाचलं नाही. तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात मी सुरक्षा विभागात नोकरीला होते. तिथल्या बॉयलरवर जाधवमामा होते. वाफेच्या पाइपांना ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायची, जुनी झाली की ओरबाडून काढायची, हे त्यांचं तरुणपणापासूनचं काम. निवृत्तीनंतर मी त्यांना भेटायला जायचे तेव्हा ते अंगणात खुर्चीवर बसलेले असायचे. बोलायला दम पुरायचा नाही म्हणून समोरच्या पेरूच्या झाडाकडे बघत असायचे. मीही बघायचे. असे आम्ही कितीतरी वेळ न बोलता बसलोय. पुढे कारखान्याचं छप्पर बदललं तेव्हा बाहेरून जाणकार लोक आले होते. त्यांच्या मागे मागे फिरून मी पत्रे उतरवण्याचं काम शिकले, नोकरी सोडली आणि चार माणसं हाताशी धरून हेच करायला लागले. घरी सगळे हसले. अब्बा तेवढे म्हणाले, "शिकलीस ना? मग कर."

या कामातला माझा सगळ्यात जास्त वेळा दिलेला सल्ला म्हणजे "काही करू नका." तो लोकांना अजिबात आवडत नाही. कुसगावच्या एका हॉटेलवाल्याने मला बोलावलं होतं. मी पोहोचले तर त्याचा माणूस जोराच्या पाण्याचा पाइप घेऊन छपरावरचं शेवाळ उडवायला निघालेला. मी आधी त्याला खाली उतरवलं. मग सगळं छप्पर बघितलं. एकही तडा नव्हता.

"मग काय करायचं म्हणता?" मालकाने विचारलं.

"काही करू नका. घासू नका, भोकं पाडू नका, पंखा टांगायला वर खिळा ठोकू नका. वरून रंगाचा हात द्या आणि दर वर्षी नीट बघत जा."

"हे सांगायला तुम्ही आलात?"

"हो."

त्याचं छप्पर अजून तसंच आहे, तोही आहे, आणि वाटेत भेटला की चहा पाजतो. सगळेच असे ऐकत नाहीत. पुष्कळदा मी पोहोचते तेव्हा जेसीबी येऊन गेलेला असतो आणि पत्र्यांचा चुरा रस्त्याच्या खड्ड्यांत पसरलेला असतो. त्या रस्त्याने जाताना मी गाडीच्या काचा वर करते. त्या धुळीतून चालणाऱ्या माणसांनी काय वर करावं, हे मात्र मला सांगता येत नाही.

आज मला सांगायचं आहे ते एका समाजमंदिराच्या छपराबद्दल. गावाचं नाव लिहीत नाही. मळवलीचं रेल्वे फाटक ओलांडून, भाजे मागे टाकून थोडं आत गेलं की डोंगराच्या कुशीत ते आहे. शनिवार-रविवारी किल्ल्यावर जाणाऱ्यांच्या गाड्या भाज्यापर्यंतच येतात, त्यामुळे पुढे शांत असतं. द्रुतगती मार्गाचा आवाज तिथे नुसता गुणगुणल्यासारखा येतो.

तिथल्या अंगणवाडीच्या ताई, सुरेखाताई, यांचं माहेर कुसगावचं. हॉटेलवाल्याची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. त्यांनी फोन केला. श्रावणात समाजमंदिरावर जांभळाची मोठी फांदी पडली होती, पत्रे फुटले होते आणि अंगणवाडी त्याच छपराखाली भरत होती.

मी गेले तेव्हा दसरा होऊन गेला होता. समाजमंदिर म्हणजे एक लांब दालन. एका अंगाला अंगणवाडीचे तक्ते लावलेले, दुसऱ्या अंगाला लग्नातली पातेली उपडी घातलेली. दारावर संगमरवरी फलक, त्यावर समाजमंदिर बांधणाऱ्या पुरुषांची नावं. मधल्या खांबाशी घोंगडीवर एक म्हातारे गृहस्थ उताणे पडले होते. डोळे उघडे होते. मला वाटलं, जागे आहेत. नंतर कळलं की ते तसेच झोपायचे.

फरशी बघून माझे पाय दारातच थांबले. तिच्यावर पांढऱ्या रेघांची चित्रं होती. सूर्य, घर, लंगडीचे चौकोन, एक गाय. फुटलेल्या पत्र्याचा तुकडा खडूसारखा उमटतो. पोरांना आयते खडू मिळाले होते.

सुरेखाताई केरसुणी घेऊन झाडायला वाकल्या. मी म्हटलं, "ताई, झाडू नका. आधी पोरांना बाहेर घ्या."

त्यांनी पोरांना देवळाच्या ओट्यावर नेलं, म्हाताऱ्यांनाही उठवून बाहेर बसवलं. मी मुखपट्टी बांधली, ओल्या फडक्याने तुकडे वेचले, ते फडक्यासकट पिशवीत घालून तोंड बांधलं, आणि सगळी फरशी ओल्या फडक्यांनी पुसून काढली. गाय पुसताना जरा जड गेलं. सुरेखाताई दाराबाहेर उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "ह्यांना काही होईल का हो, मॅडम? माझी नातबी त्यातच बसते."

अशा वेळी खोटा धीर देता येत नाही आणि भीतीही घालता येत नाही. मी म्हटलं, "दोन-तीन महिन्यांच्या खेळाने होण्याची भीती कमी असते. रोज, वर्षानुवर्षं ती धूळ छातीत जाते तेव्हा धोका वाढतो. पण थोडीसुद्धा जायला नको. आजपासून पोरं इथे बसवू नका." त्यांनी मान हलवली आणि डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात वर धाडकन आवाज झाला. बाहेर येऊन बघितलं तर शिडीवर तिशीतला एक गडी हातोडा घेऊन उभा. तो संतोष, ग्रामपंचायतीचा सदस्य. फुटक्या पत्र्याचे लोंबणारे तुकडे पाडायला चढला होता.

"खाली उतरा," मी म्हटलं.

"का? पोरांच्या डोक्यात पडलं म्हंजे?"

"पोरं आत नाहीत आता. उतरा, मग सांगते."

तो काही उतरेना. तेव्हा माझ्या मागून आवाज आला, "संतोष, उतर." मघाशी खांबाशी पडलेले म्हातारे उठून उभे राहिले होते. ते गेनूआबा, संतोषचे वडील. संतोष उतरला.

संध्याकाळी देवळात गाव जमलं. मी पत्र्यातला धागा समजावून सांगितला. इथे मात्र "काही करू नका" म्हणता येत नव्हतं. फांदीने मधल्या ओळी फोडल्या होत्या, बोल्ट गंजून पत्रे ओढले गेले होते, बाकीच्यांनाही तडे होते. छप्पर उतरवायलाच हवं होतं आणि तोवर आत कुणी जायला नको होतं. संतोष म्हणाला, "त्यात काय एवढं? रविवारी पोरं जमवतो, घण घालतो, दुपारपत्तुर मोकळं. मागच्या खड्ड्यात टाकून देऊ."

कुणीतरी मान डोलावली. बाकीच्यांनीही डोलावली. माझं सांगणं सगळ्यांनी ऐकलं होतं, पण अदृश्य गोष्टीला माणूस किती वेळ भिणार? घण दिसतो, रविवार दिसतो.

आबा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "घण घालायचा न्हाई. यकबी पत्रा फुटता कामा नये."

"आबा, तुमाला काय कळतंय त्यातलं?" संतोष म्हणाला.

"न्हाई कळत. पण ही बाई म्हंती तसं करा. पत्रं साबूत उतरवा."

आबांचं गाव ऐकायचं. काम माझ्याकडे आलं. माझी समजूत अशी झाली की आबांना धाग्याची गोष्ट पटली.

आमचं काम बघायला येणाऱ्याची निराशा होते, कारण ते फार सावकाश चालतं. आधी चारी बाजूंना दोरी बांधून माणसांना लांब ठेवायचं. खिडक्या-दारं जाड पारदर्शक प्लास्टिकने बंद करायची, खाली फरशीभर तेच अंथरायचं. मग पांढरे झगे घालायचे, एकदा वापरून फेकायचे. मनगटाला, घोट्याला चिकटपट्टी, तोंडाला फिल्टरचा मास्क. पत्र्यावर पाय कधीच द्यायचा नाही. जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही आणि या धंद्यात धाग्याच्या आधी पडूनच माणसं गेली आहेत. फळ्या टाकायच्या, फळीवरून सरकायचं, कमरेला दोर. पत्रा वरून आणि खालून साबणाच्या पाण्याने तुषार मारून भिजवायचा, म्हणजे धूळ उठत नाही. बोल्टला कटरचं चाक लावायचं नाही, हाताच्या कात्रीने तोडायचा. मग पत्रा बाळासारखा दोन्ही हातांवर घेऊन खाली द्यायचा, दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा, त्यावर धोक्याची चिठ्ठी लावायची. घाई केली की संपलं. माझी माणसं म्हणतात, मॅडमच्या कामावर घड्याळसुद्धा हळू चालतं.

कार्तिकातले दिवस होते. सकाळी खोऱ्यात धुकं भरलेलं असायचं, इतकं की समोरचा किल्ला आहे की नाही अशी शंका यावी. धुक्यात पत्रे आधीच ओले असायचे, त्यामुळे ते आम्हाला सोयीचं होतं. पहिल्या दिवशी माझी माणसं पांढऱ्या झग्यांत, मास्क लावून टेंपोतून उतरली आणि धुक्यातून समाजमंदिराकडे चालत निघाली, तर पाण्याला निघालेल्या बायका हंडे घेऊन परत फिरल्या. घरांची दारं लागली. आबा दोरीपलीकडे घोंगडी पांघरून उभे होते. म्हणाले, "करोनाच्या टायमाला अशीच मानसं आलती. आज कुणाला न्यायला आलाय?"

माझ्या टोळीचा म्होरक्या बबन मास्कमधून म्हणाला, "पत्रं न्यायला आलोय, आबा. माणसं ऱ्हाऊ द्या."

आबा रोज येऊन बसायचे. दुपारची झोप त्यांनी सोडली होती. गावात त्यांना पाच खोल्यांचं घर होतं, सून जेवायला हाक मारायची, पण ते दोरीच्या कडेला बसून वर बघत राहायचे. मी डबा खायला त्यांच्याजवळ बसायचे तेव्हा ते जुनं सांगत. हे पत्रे आले तेव्हा मळवलीच्या पुढे रस्ता नव्हता. ट्रक चिखलात बसला. मग गावाने पत्रे डोक्यावर वाहून आणले, पुढे एक गडी, मागे एक गडी. "ढगातनं चाललोतो आमी," आबा म्हणाले. "फुडचा माणूस मला दिसत न्हवता. निस्ता पत्रा चालल्यावानी वाटायचं."

मी त्यांच्याबरोबर वर बघायचे. धुक्यात पांढरी माणसं फळ्यांवरून अलगद सरकत होती. त्यांच्या हातांतून एकेक पत्रा खाली तरंगत यायचा. आवाज नाही, ठोकाठोकी नाही. स्वप्नात जशी सगळी कामं पाण्याखाली चालल्यासारखी चालतात, तसं ते दिसत होतं. कितीदा तरी मला वाटलं, मीही झोपेतच आहे आणि कुणीतरी उठवलं की हे सगळं लोणावळ्याच्या घरातल्या खाटेवर संपेल.

मधल्या खांबाजवळची ओळ यायची होती त्या दिवशी मी आतच होते. गावाने पत्र्यांना आतून चुना दिलेला होता, दिवाळी-दसऱ्याला हातावर हात. बबन परांचीवर उभा राहून खालून तुषार मारत होता. चुना भिजला की पातळ होतो, खालचं दिसायला लागतं. बबनचा हात थांबला.

"मॅडम, वर बघा."

आधी मला गंजाचे डाग वाटले. मग त्यांना बोटं फुटली. ओल्या चुन्यातून तांबडे हात वर येत होते. बायकांचे हात. काही रुंद, काही इवलेसे, एकमेकांत मिसळलेले. बबन पाणी मारत गेला तसे नवे नवे हात उगवत गेले आणि त्या पत्र्यावर आमच्या डोक्यावर पसरले. प्लास्टिकमधून येणारा उजेड दुधासारखा होता. त्यात ते हात हलल्यासारखे वाटत होते. मास्कच्या आत मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता.

खिडकीच्या प्लास्टिकला बाहेरून कुणीतरी टेकलं होतं. आबा होते. प्लास्टिकमुळे त्यांचा चेहरा धूसर दिसत होता. ते दोरी ओलांडून आले होते आणि वर बघत होते.

मी काम थांबवलं, नियमाने झगा काढून, हातपाय धुऊन बाहेर गेले. त्यांना दोरीपलीकडे नेऊन बसवलं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"व्हय." मग म्हणाले, "पैला पत्रा चढवायच्या आदी पूजा केलती. फलकावर समद्या बाप्यांची नावं लिवली. बायकांनी माती वाहिली, पाणी वाहिलं, त्यांचं नाव कुटंच न्हाई. तवा आमची हौसा म्हनली, आमी हात उटवनार. तांबडी काव कालवली, समद्या बायांनी हात बुडवलं न् पत्र्याच्या आतल्या अंगाला उटवलं. मंग पत्रा चढला. फुडं कुनी चुना दिला, झालं, गेलं झाकून. पर मला ठाव हुतं कुटं हायेत."

हौसाबाई म्हणजे त्यांची बायको. जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. करंगळी वाकडी असलेला हात तिचा. विळा लागून वाकडी झाली होती. आबा रोज दुपारी त्याच पत्र्याखाली घोंगडी टाकायचे. दिसत काही नव्हतं, नुसता पांढरा चुना.

"पोरी," ते म्हणाले, "त्यो यवढा पत्रा मला दे. बाकीचं ने तुला न्यायचं तितं. म्या घरात उभा करून ठिवीन. कुनाला हात लावू देनार न्हाई."

त्या पत्र्याला आडवा तडा गेला होता. घरात सुनेची लहान पोरं होती. आज आबा जपतील, त्यांच्या मागे कोण? कुणीतरी तो गोठ्यावर टाकेल, कुणीतरी दगडाने फोडेल. असले पत्रे घातक कचरा म्हणून ठरलेल्या जागीच न्यावे लागतात, असा कायदाही आहे. पण खरं सांगते, त्या क्षणी मला कायदा आठवला नाही. मला जाधवमामांची खुर्ची आठवली.

"नाही देता येणार, आबा," मी म्हटलं.

त्यांनी नजर पुन्हा छपराकडे वळवली. रागावले असते तर सोपं गेलं असतं. संतोष शेजारी येऊन उभा होता. त्याने पहिल्यांदाच हे ऐकलं होतं. वडील दुपारी तिथे का झोपतात हे त्याला कधी कळलंच नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, काहीच न्हाई का करता येणार?" त्याच्या आवाजातला हातोडा गेला होता.

मी म्हटलं, "बघायला देते."

पत्रा पुन्हा भिजवला, सबंध उतरवला, दुहेरी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळला, प्लास्टिक बाहेरून पुसून घेतलं आणि देवळापुढच्या मोकळ्या जागेत दोन लाकडांवर ठेवला. आत ओल होती तोवर हात दिसत होते. गावातल्या बायका आल्या. आधी लांब उभ्या राहिल्या, मग जवळ आल्या. "ह्यो माझ्या सासूचा." "न्हाई गं, तिचा तळवा मोटा व्हता." एक अगदी म्हातारी मावशी होती, तिने स्वतःचाच हात ओळखला. त्यावर आपला आताचा हात ठेवून बघितला आणि हसली. "केवढा बारका व्हता," म्हणाली. सुरेखाताईंनी मोबाइलवर फोटो काढले.

आबा सगळ्यात शेवटी आले. वाकले आणि प्लास्टिकवरून वाकड्या करंगळीच्या हातावर तळवा टेकवला. धुकं उतरून डोंगर मोकळा झाला, ऊन आलं, आतली ओल हळूहळू प्लास्टिकवर थेंब होऊन जमली, आणि थेंबांमागे ते हात पुसट होत गेले. आबांनी हात उचलला नाही.

मग वर न बघता त्यांनी विचारलं, "कुटं नेनार?"

"घातक कचऱ्याची जागा असते. मोठा खड्डा, खाली जाड अस्तर. त्यात ठेवतात, वर माती टाकतात. पुन्हा कुणी उकरत नाही."

"म्हंजे पुरनार."

"हो."

"हौसाला जाळली म्या. ह्यो हात तेवढा ऱ्हायला व्हता." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमच्यात पुरत्यात न्हवं?"

"हो, आबा."

"मंग माती कशी द्यायची त्ये तुला ठाव आसंल. नीट दे."

मी "देते" म्हणाले.

ट्रकबरोबर मी जातेच असं नाही. कागद पुरे असतात, बबन जातो. त्या वेळी मी गेले. हौसाबाईचा पत्रा सगळ्यात वर ठेवायला लावला, खाली जुन्या चटया दिल्या. ड्रायव्हरला सांगितलं, खड्डे चुकव. तो म्हणाला, काच आहे का? मी म्हटलं, काचच समज. वडगाव गेलं, तळेगाव गेलं, डोंगर मागे पडत गेले. मला मध्येच डुलकी लागली आणि कुणीतरी मागच्या बाजूने ट्रकवर थापटतंय असं वाटून जाग आली. दोर सुटून हलत होता.

तिथली जागा मोठी, उजाड आणि शांत आहे. काळं अस्तर घातलेला खड्डा तळ्यासारखा दिसतो. क्रेनने गठ्ठे खाली ठेवले. हौसाबाईचा पत्रा सबंध पोहोचला, सबंध ठेवला गेला. माती लोटणारं मशीन तयार होतं. मी तिथल्या माणसाला म्हटलं, जरा थांबा. काठावरची माती मुठीत घेतली.

"मॅडम, माती मशीन टाकतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. अम्मी गेली तेव्हा मी घराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. अब्बा गेले तेव्हाही तिथेच थांबले. भाऊ माती देऊन आले, त्यांच्या नखांत ती अडकली होती, ती मी बघत बसले होते. कशी देतात, कुठे उभं राहून देतात, मला कुणी कधी दाखवलं नव्हतं. आबांना मी "देते" म्हणाले होते, आणि मला येत नव्हतं.

मी मूठ उघडली. माती खाली गेली. प्लास्टिकवर तिचा पावसासारखा आवाज झाला. मग अम्मीसाठी एक टाकली, अब्बांसाठी एक. तो माणूस टोपी काढून उभा राहिला, का ते त्यालाही ठाऊक नसावं. मग मशीन सुरू झालं.

परतताना आबांचा फोन आला. संतोषने लावून दिला होता.

"दिली का?"

"दिली, आबा."

"माती कशी व्हती?"

"मऊ होती."

"बरं झालं," आबा म्हणाले. "तिला निबर जागा सोसायची न्हाई."